पाच फुटांचा शर

अण्णांच्या कामाच्या पिशवीत थापी, ओळंबा, गुण्या, लेव्हल ट्यूब आणि एक सुतळीचं बंडल असायचं, आणि त्या सुतळीला जागोजागी गाठी मारलेल्या असायच्या. लहानपणी मला वाटायचं सुतळी तुटली असेल म्हणून गाठी मारल्यात. नंतर कळलं की ती त्यांची कमानीची सुतळी, प्रत्येक गाठ म्हणजे कुठल्या तरी कामाची त्रिज्या. ही गाठ अमक्याच्या दारावरची, ती गाठ तमक्या देवळाच्या ओवरीची. अण्णा गवंडी, सातारा तालुक्यातल्या निम्म्या गावांत त्यांच्या हातचं काहीतरी उभं आहे, आणि मी त्यांची मुलगी, डिप्लोमा करून आधी सातारा एमआयडीसीत ड्रॉइंगचं काम केलं आणि आता घरीच बसून फॅब्रिकेशनवाल्यांना गेट, शेड, जिने, स्वागत कमानी असली ड्रॉइंग करून देते. म्हणजे गोलाई दोघांच्याही पोटापाण्याची. फरक एवढाच की त्यांची खिळ्यावर फिरायची आणि माझी स्क्रीनवर.

त्यांची पद्धत आधी सांगते कारण पुढचं सगळं तिच्याभोवती आहे. सपाट जागा बघायची, शाळेचं पटांगण किंवा कुणाचं तरी शेणानं सारवलेलं खळं, तिथं गाळा आखायचा म्हणजे दोन खांबांमधलं अंतर. गाळ्याच्या बरोब्बर मध्यावर काटकोनात एक रेघ, ती काटकोनात आहे का हे तीन-चार-पाच लावून तपासायचं, म्हणजे एका बाजूला तीन फूट दुसऱ्या बाजूला चार फूट आणि तिरकं माप पाच फूट आलं की गुण्या बसला. मग त्या मधल्या रेघेवर वर शेंडा मांडायचा, जेवढी कमानीची उंची हवी तेवढा. आणि आता खिळा शोधायचा. खिळा मधल्या रेघेवर खाली खाली नेत जायचा, सुतळी एकदा टोकाला लावून बघायची, एकदा शेंड्याला, दोन्हीकडं सारखी आली की तिथं ठोकायचा आणि विटेच्या तुकड्यानं गोल मारायचा. ना सूत्र ना कॅल्क्युलेटर. सुतळी ताणली की लांबते म्हणून पुढं ते मोठ्या कमानीला सळई बांधायची तार वापरायला लागले, पण गाठी मारायच्या त्या सुतळीलाच.

मी ग्रासहॉपर शिकले ते एका मैत्रिणीमुळं. राइनो नावाचं थ्रीडी सॉफ्टवेअर आहे, त्याच्या आत हे चालतं. यात रेघा ओढायच्या नसतात, छोटे छोटे डबे मांडायचे, प्रत्येक डबा एक काम करतो, आणि डब्यांना वायरी जोडायच्या, एका डब्यातून निघालेलं उत्तर दुसऱ्यात जातं. डावीकडं आकडे कमीजास्त करायचे स्लायडर असतात, ते सरकवले की उजवीकडचं सगळं चित्र जागच्या जागी बदलतं. २००७ साली डेव्हिड रटन यांनी हे बनवलं तेव्हा त्याचं नाव एक्स्प्लिसिट हिस्ट्री असं होतं, म्हणजे उघडा इतिहास, आणि मला ते जुनं नावच जास्त पटतं, कारण तुम्ही ही वस्तू कशी कशी घडवली ते सगळं तिथं उघडं मांडलेलं राहतं, कधीही मागं जाऊन एक आकडा बदला, पुढचं सगळं परत घडतं.

आता आर्क, म्हणजे गोलाईचा तुकडा. ग्रासहॉपरमध्ये आर्क काढायचे एक नाही, कितीतरी डबे आहेत आणि सुरुवातीला माझा यावरूनच गोंधळ उडायचा, की अरे गोलाई तर एकच, मग डबे एवढे कशाला? एकाला प्रतल म्हणजे कुठल्या सपाटीवर काढायचं ते, त्रिज्या आणि कोन लागतो (आणि कोन अंशांत नाही, रेडियनमध्ये मागतो, तिथं ९० टाकलं की भलतंच काहीतरी समोर येतं, हे प्रत्येकाचं एकदा होतंच). दुसऱ्याला तीन बिंदू द्यायचे, सुरुवात, मधला आणि शेवट. तिसऱ्याला सुरुवात, शेवट आणि सुरुवातीला गोलाई कुठल्या दिशेनं निघाली पाहिजे ती दिशा. एका रात्री कागद घेऊन बसले आणि मोजलं. सपाट कागदावरची कुठलीही एक गोलाई पक्की करायला पाच गोष्टी लागतात, ना एक कमी ना एक जास्त. केंद्राचं आडवं अंतर, उभं अंतर, त्रिज्या, कुठून सुरू, कुठं संपली. पाच. तीन बिंदूंत बघा, दोन टोकांचे मिळून चार आकडे, आणि मधल्या बिंदूनं एकच गोष्ट ठरते, फुगवटा किती, म्हणून पाच. टोक, टोक आणि दिशा, चार अधिक एक, परत पाच. डबे वेगळे पण हिशोब सगळ्यांचा तोच.

हे कळल्यावर मला एकदम मोकळं वाटलं होतं. मग यातला कुठलाही डबा घ्या, काय फरक पडतो, गोलाई तर तीच येणार, असं मी धरून चालले. आणि स्क्रीनवर ते खरंच आहे. जोवर काही बदलत नाही तोवर खरं आहे.

गेल्या वर्षी एका गावाच्या वेशीवरच्या कमानीचं काम आलं. दोन आरसीसी खांब, गाळा २० फूट, वर पाइपची कमान, तिच्या आत दोन फुटांवर दुसरा पाइप आणि दोन्हींच्या मधे प्लेटमधून कापलेली ग्रामदैवताच्या नावाची अक्षरं. वरच्या पाइपची उंची, म्हणजे खांबांच्या माथ्यापासून शेंड्यापर्यंत, ५ फूट ठरली. ती गावातल्या मंडळींनी सांगितली आणि मी लिहून घेतली, का पाच ते मी विचारलं नाही. त्रिज्या हातानंच काढली. गाळ्याचा वर्ग भागिले उंचीची आठपट, अधिक उंचीचा निम्मा. ४०० भागिले ४० म्हणजे १०, अधिक अडीच, साडेबारा फूट. किती सुरेख आकडा आला म्हणून मी खूश, आणि तो साडेबारा उचलून सरळ त्रिज्या-कोनाच्या डब्यात टाकला. टोकं खांबावर येतील असं केंद्र बसवलं, झालं.

कमानीची लांबी आली २३ फूट २ इंच. पाइप बाजारात २० फुटांचा मिळतो, म्हणजे जोड आलाच, आणि शिवाय रोलिंग मशीनला तीन रोलर असतात त्यामुळं पाइपची दोन्ही टोकं थोडी सरळच राहतात, ती कापून टाकायला लागतात, म्हणून पाइप नेहमी जास्तीचा धरायचा. जोड शेंड्यावर नको म्हणून बाजूला घेतला. हे सगळं मी नीट केलं होतं. पाइप रोलिंगला गेले.

आणि खड्डा खणताना एका बाजूला पिण्याच्या पाण्याची लाइन लागली. खांब दोन फूट बाहेर सरकवायला लागणार, गाळा २० चा २२. दुपारी फोन आला, मी फाइल उघडली, स्लायडर २२ वर नेला, कमान डोळ्यासमोर रुंद झाली, दोन्ही टोकं खांबांच्या माथ्यावर बरोब्बर टेकलेली. आणि सगळ्यात बरं वाटलं ते हे की त्रिज्या बदललीच नव्हती, साडेबाराच! म्हणजे रोलिंगवाल्याला सेटिंग बदलायला नको, नुसती लांबी वाढवून जवळजवळ २७ फूट करायची, तेवढा पाइप त्याच्याकडं पडलेला होताच. पाच मिनिटांत मी फोन करून सांगून मोकळी झाले.

ज्या दिवशी कमान चढवायची त्या दिवशी मी आणि अण्णा दोघंही गेलो होतो. हायड्रा क्रेननं कमान उचलली, खांबाच्या वर नेली, आणि खालून वायरमन ओरडला की थांबवा. वरून गावाची लाइन गेलेली. तारा कमानीच्या शेंड्याला फार जवळ येत होत्या, त्यानं साफ नाही म्हणून सांगितलं आणि त्याचं बरोबरच होतं. कमान परत खाली जमिनीवर ठेवली. अण्णा काही न बोलता पिशवीतून सुतळी काढून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ताणून आले, मध्यावर टेप धरला आणि शेंड्यापर्यंत मोजलं. पाच फूट हवी ती उंची साडेसहाच्या वर गेली होती. वरचे एक फूट पावणेसात इंच कुणी मागितलेच नव्हते.

"गाळा वाढला तर उंची धरायची का गोलाई धरायची," अण्णा म्हणाले, "हे कुणाला इचारलंस का गं?"

रागावून नाही, खरंच विचारत होते. आणि माझ्याकडं उत्तर नव्हतं, कारण हा प्रश्न आहे हेच मला माहीत नव्हतं. त्रिज्या आकडा म्हणून टाकली तेव्हाच मी सॉफ्टवेअरला सांगून बसले होते की काहीही होऊ दे पण साडेबारा सोडू नकोस, आणि त्यानं इमानदारीनं तेवढंच केलं, गाळा ताणला गेला, त्रिज्या धरून ठेवली, मग उरलं काय वाढायला, उंचीच ना. ज्या एका गोष्टीला वरच्या तारेमुळं हात लावायचा नव्हता तीच मी मोकळी सोडली होती. गावातल्यांच्या डोक्यात ते पाच फूट तारेखालचे होते, माझ्या फाइलमध्ये ते कुठंच नव्हते, ते एकदा कागदावर वापरले आणि त्यांचा साडेबारा करून पुसून टाकले. इतिहास उघडा ठेवणारं सॉफ्टवेअर वापरत होते आणि मूळ गोष्टच त्यात लिहिली नव्हती.

नवे पाइप मी माझ्या पैशानं आणले. जुने उघडून मोठ्या त्रिज्येला बसवता येतात का बघितलं पण जागोजागी चेपलेले दिसायला लागले, असली कमान गावाच्या वेशीवर नको वाटली. ती आता आमच्या परसात उभी आहे, कारल्याचा वेल चढवलाय तिच्यावर.

त्यानंतर बरेच दिवस मी आर्कशिवाय दुसरं काही वाचत नव्हते. आणि त्यात आपल्याच शब्दांनी मला अडवलं. शाळेत आपण त्रिज्या, जीवा घोकतो पण हे शब्द कुठून आले ते कुणी सांगत नाही. जुन्या गणितात गोलाई म्हणजे चाप, धनुष्य. तिची दोन टोकं जोडणारी सरळ रेघ म्हणजे ज्या किंवा जीवा, धनुष्याची दोरी. आणि दोरीच्या मध्यापासून धनुष्याच्या पाठीपर्यंतचं अंतर म्हणजे शर, दोरीवर लावलेला बाण. अण्णांचा गाळा म्हणजे जीवा आणि अण्णांची उंची म्हणजे शर! त्रिज्या हा शब्दसुद्धा तीन राशींची ज्या यावरून आलाय, एक राशी ३० अंशांची, तीन राशी म्हणजे ९० अंश, आणि इथं ज्या म्हणजे अर्धज्या, दुप्पट कंसाच्या दोरीचा निम्मा, ९० अंशांची ती व्यासाच्या निम्मी येते. म्हणजे नावातच दिसतं की त्रिज्यासुद्धा एक ज्याच. दोरी आधी.

आर्यभटानं इ.स. ४९९ मध्ये आर्यभटीयात हे अर्ध्या श्लोकात सांगितलंय, की वर्तुळात दोन शरांचा गुणाकार हा अर्धज्येच्या वर्गाएवढा असतो. एक शर वरचा, दुसरा उरलेल्या व्यासाचा. आमच्या कमानीला लावून बघितलं. गाळा २०, अर्धी जीवा १०, तिचा वर्ग १००. शर ५. मग दुसरा शर १०० भागिले ५, म्हणजे २०. दोन्ही मिळून व्यास २५, त्रिज्या साडेबारा. माझं ते आठपट-निम्म्याचं सूत्र हेच आहे फक्त अंगरखा वेगळा. आणि अजून एक, केंद्रापासून गाळ्याच्या रेघेपर्यंत साडेसात, अर्धा गाळा दहा, त्रिज्या साडेबारा. तिन्हींना अडीचनं भागा. तीन, चार, पाच. अण्णा ज्यानं गुण्या तपासतात तोच त्रिकोण त्या कमानीच्या पोटात बसलेला होता. हे मी त्यांना दाखवलं तेव्हा ते म्हणाले, "मग, गाळ्याच्या पाव उंची धरली की खिळा गपकन गावतोय, ते म्हाईत हाय मला." माहीत होतंच त्यांना. कुठल्यातरी गाठीत.

पण मला सगळ्यात जास्त हलवून टाकणारी गोष्ट फाइलमध्ये सापडली. अक्षरांच्या प्लेटा कापायला मी प्लाझ्मा कटिंगवाल्याला ड्रॉइंगची डीएक्सएफ फाइल पाठवते, त्या फाइलमध्ये पॉलीलाइनची, म्हणजे सलग जोडलेल्या रेघेची, गोलाई कशी लिहिलेली असते हे एकदा नोटपॅडमध्ये उघडून बघितलं. तिथं केंद्र नाही. त्रिज्या नाही. दोन टोकांचे बिंदू आणि बल्ज नावाचा एकच आकडा. हा बल्ज म्हणजे गोलाईच्या कोनाच्या चौथ्या हिश्श्याचा टॅन असं मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं, वाचून काहीच बोध होत नाही, पण जरा मांडून बघितलं तर तो आहे शर भागिले अर्धी जीवा. आमच्या कमानीचा ५ भागिले १०, शून्य पूर्णांक पाच. अर्धवर्तुळाचा एक. सरळ रेघेचा शून्य. उणे लिहिलं तर फुगवटा दुसऱ्या बाजूला. म्हणजे मशीनसुद्धा गोलाई धरते ती दोरीनं आणि बाणानं, आणि खिळा लागलाच तर मागून काढते. रात्री साडेअकराला मी उठून अण्णांच्या खोलीत डोकावले, झोपले होते, म्हणून सकाळी सांगितलं.

या मोजण्याच्या नादात एका रविवारी आम्ही लिंबला बारा मोटेच्या विहिरीवर गेलो. मी लहानपणी सहलीला गेले होते तेव्हा नुसती खाली वाकून पाणी बघितलं होतं. या वेळी अण्णा कमानीखाली उभे राहिले आणि दगडांच्या सांध्यांवरून बोट फिरवत म्हणाले, सांधा कुठं बघतोय बघ. घडीव दगडाच्या कमानीत सांधे उभे नसतात, प्रत्येक सांधा खिळ्याकडं तोंड करून असतो. खिळा काढून शेकडो वर्षं झाली तरी सांधे अजून त्याची जागा दाखवतात. शेंड्याला टोक असलेली महिरप असेल तर डावीकडचे सांधे एका ठिकाणी बघतात आणि उजवीकडचे दुसऱ्या, म्हणजे खिळे दोन. मी तोवर अशी कमान काढताना एक बाजू काढून मिरर मारायचे, दोन केंद्रं आहेत हे डोक्यात यायचंच नाही.

तीन बिंदूंच्या डब्याचे धोकेही सांगायला हवेत, नाहीतर वाटेल की तोच सगळ्यात भारी. कमान चपटी असली की तो फार हळवा होतो. २० फुटांच्या गाळ्याला १ फूट उंची असेल तर त्रिज्या साडेपन्नास फूट येते, आणि टेप धरताना एक इंच इकडंतिकडं झाला, १ फूट १ इंच वाचला, तर ४६ फूट ८ इंच. एका इंचाला जवळजवळ चार फूट! पडक्या वाड्याची चपटी कमान मोजून त्रिज्या सांगायची असेल तर म्हणूनच हात थरथरतो. आणि उंची शून्य केली की तिन्ही बिंदू एका रेघेत, मग आर्क तयारच होत नाही, केंद्र पार क्षितिजापलीकडं निघून जातं.

दिशेच्या डब्याची गंमत वेगळी. सुरुवातीला कमान खांबातून सरळ उभी निघावी असं मागता येतं पण शेवटाला ती कशी पोचेल हे मग आपल्या हातात नाही, पाच गोष्टी संपल्या ना. दोन्ही खांबांमधून उभीच निघायला हवी असेल तर एका खिळ्यात अर्धवर्तुळाशिवाय मार्ग नाही, चपटी हवी तर तीन खिळ्यांची कमान, बाजूला छोटी त्रिज्या आणि मधे मोठी. तिथं दोन गोलाया दिशेनं जुळतात पण वाकण्याचं प्रमाण सांध्यावर एकदम बदलतं. कमानीला ते चालतं. रस्त्याला चालत नाही, म्हणून सरळ रस्ता आणि वळण यांच्या मधे हळूहळू वाकत जाणारा तुकडा घालतात. पुण्याला जाताना खंबाटकीचा बोगदा ओलांडला आणि ते एस आकाराचं वळण आलं की मी सीट घट्ट धरायचे, एक वळण संपतंय तोवर दुसरं उलटं सुरू, किती अपघात बघितलेत तिथं. गोलाई कशी जोडली याचा हिशोब तिथं शरीराला कळायचा.

तर ती वेशीची कमान. दुसऱ्यांदा फाइल केली तेव्हा तीन बिंदूंचा डबा घेतला. डावा खांब, उजवा खांब, आणि मधला बिंदू असा की दोन्ही खांबांचा मध्य काढून त्याला उंचीच्या स्लायडरनं वर उचलायचा. त्रिज्या आता बाहेर पडते, आत टाकायची नाही. गाळा २२, उंची ५, त्रिज्या आली १४ फूट ७ इंच. उंचीच्या स्लायडरची कमाल ५ वर बांधून टाकली आणि शेजारी एक पिवळं पॅनेल ठेवून त्यात मराठीत लिहिलं, वरून लाइट लाइन गेली आहे, पाच फुटांच्या वर नेऊ नये. आजवर माझ्या फाइलमधे सगळे आकडे असायचे, पण त्यांच्यामागचं कारण कधीच लिहिलेलं नसायचं. आता प्रत्येक स्लायडरशेजारी ठेवते. हा गाळा का, ट्रॉल्या जायच्यात म्हणून. ही जाडी का, दुकानात तोच पाइप मिळतो म्हणून.

या वेळी चढवायच्या आधीच वर्कशॉपात जमिनीवर मोजायचं ठरलं. वेल्डिंग नुकतं झालेलं, पाइप अजून कोमट होता. अण्णांनी सुतळी ताणली, एक टोक मी धरलं, मध्यावर खडूनं खूण केली आणि टेप लावला. पाच फूट अर्धा इंच. वायरमनला फोन लावून विचारलं, त्याचं म्हणणं अर्ध्या इंचाला हरकत नाही.

अण्णा मात्र टेप धरूनच बसले होते.

"हा अर्धा इंच कुठनं आला?"

"वेल्डिंगनं ओढला असेल अण्णा, जोडापाशी. थंड होताना पाइप ओढला जातो थोडा."

त्यांनी सुतळीची टोकं जुळवली, मापाच्या जागी गाठ मारली आणि बंडल पिशवीत टाकलं. मग माझ्या लॅपटॉपकडं मान करून म्हणाले, "मग त्या पिवळ्या डब्यात तेबी लिव्ह."